दुसरा पिंजरा

लॅबच्या फ्रिजमधल्या, कॅन्सरवरच्या नव्या अँटिबॉडी औषधाच्या कुप्या पुन्हा कमी भरल्या, तशी मॅडमच्या मनात पाल चुकचुकली. किल्ली दोघांकडेच होती: त्यांच्याकडे आणि उंदरांना इंजेक्शनं देणाऱ्या घाडगेंकडे. परस्पर विकतो की काय हा माणूस?

त्या तडक उंदरांच्या खोलीत गेल्या. पहिल्या पिंजऱ्यातल्या, औषध मिळणाऱ्या उंदरांच्या कॅन्सरच्या गाठी विरल्या होत्या. दुसऱ्या पिंजऱ्याला तुलनेसाठी नुसतं सलाइन द्यायचं होतं. तिथले उंदीर एव्हाना मरायला टेकायला हवे होते. तेही टुणटुणीत!

"घाडगे, यांनाही औषध टोचलंत? वर्षभराची मेहनत मातीत घातलीत माझी!"

घाडगेंनी खाली बघतच पिंजऱ्याची कडी लावली.

"मॅडम, अशाच एका चाचणीत माझी बायको होती. ती गेल्यावर कळलं, तिला सलाइनच मिळत होतं."