पलीकडची मतं

उमेदवार लेओपोल्दोसाहेब ग्वायापे नदी ओलांडून आला, तो निकानोरच्या पाठीवर बसून. बूट भिजू नयेत म्हणून त्याने दोन्ही पाय पुढे ताठ धरले होते. मधोमध पाणी निकानोरच्या कमरेच्या वर चढलं, तेव्हा त्याने निकानोरचे केस मुठीत पकडले. बाकीची पक्षाची मंडळी पलीकडच्या काठावर गाडीपाशीच थांबली.

कासिल्दा दारातून बघत होती. निकानोर तिचा पोटचा पोरगा. "पक्षाचं काम आहे," एवढंच सांगून तो सकाळी बाहेर पडला होता. काम म्हणजे हे, ते तिला आत्ता कळलं.

या काठाला घरं मोजकीच. लेओपोल्दोसाहेब एकेका दारात थांबला, हात मिळवले, पोरांचे गाल ओढले, पूल बांधायचं वचन दिलं. शेजारच्या एल्विराने तर टाळ्या वाजवल्या. पुरामुळे सुईण अलीकडे पोचली नाही म्हणून हिचीच लेक बाळंतपणात गेली होती. कासिल्दा अंगणात थुंकली.

शेवटी तो तिच्या दारात आला. मागे निकानोर, निथळत, मान खाली घालून.

"मावशी, निवडून आलो की पहिलं काम पुलाचं."

"पूल आहे की."

"कुठे?"

"तुमच्या मागे उभा आहे. मीच जन्माला घातलाय."

साहेब हसला. "गुणी पोरगा हो तुमचा. घोड्यासारखा दणकट."

"घोड्याला दाणा तरी घातला असतात." मग ती मुलाकडे वळली. "आत हो. कपडे बदल आणि जेवायला बस."

निकानोरने साहेबाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि आत गेला. कासिल्दाने मक्याची गरम भाकरी वाढली, वर घेवड्याची उसळ ओतली.

साहेब दारातच घुटमळला. घड्याळ बघून खाकरला.

"मावशी, पलीकडे सभा खोळंबलीय. याला जरा पाठवता?"

"त्याचं जेवण चाललंय."

निकानोरने वर न बघता ताट पुढे सरकवलं. "आणखी एक वाढ, आई."

ती तव्याकडे वळली. मग साहेब पायरीवर बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला.

"पाणी किती असेल हो, मावशी?"

"गेल्या निवडणुकीला होतं तेवढंच," कासिल्दा म्हणाली आणि भाकरी उलटली.