मार्व्हाचं भांडं

मार्व्हाचं काचेचं भांडं परत द्यायला लॉर्ना तेरा दिवसांनी आली. तळाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं होतं, त्यामुळे विसरायची सोय नव्हती. तिच्या नवऱ्याच्या, व्हर्नच्या दफनानंतर त्यातून आलेलं चिकन-नूडल तिनं एकटीनं चार दिवस पुरवून खाल्लं होतं.

“झुकिनीचा ब्रेड घातला असशील तर तसाच माघारी ने,” दार उघडत मार्व्हा म्हणाली. “परसात ढीग लागलाय. काल शेजाऱ्याच्या गाडीत गुपचूप तीन झुकिनी टाकून आले.”

भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आयोवातल्या त्या गावाची जुनी रीत. लॉर्ना हसली नाही. तिनं भांडं टेबलावर ठेवलं आणि वरचा पंचा काढला. आत औषधाची बाटली होती. लेबलवर व्हर्नचं नाव.

“सतरा गोळ्या उरल्यात,” ती म्हणाली. “गिल घेतो त्याच. ताकदही तीच.”

मार्व्हाचा नवरा गिल बाहेर गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्राशी झटापट करत होता. व्हर्नला होता तोच रक्ताचा कॅन्सर त्यालाही होता. विमा औषधाचा आपला भाग उचलायचा, पण उरलेला वाटासुद्धा दोन्ही घरांना झेपणारा नव्हता. तो भरणारी एक धर्मादाय संस्था होती. तिचा निधी वर्षातून एखादे दिवशी उघडायचा आणि अर्ध्या तासात आटायचा. म्हणून दोघींनी ठरवलं होतं, संगणकावर जिला आधी दिसेल तिनं त्याच क्षणी दुसरीला फोन करायचा. वेळ पडली तर दुसरीचाही अर्ज भरता यावा म्हणून विम्याच्या कागदांच्या प्रतीसुद्धा एकमेकींकडे देऊन ठेवल्या होत्या. जूनमध्ये निधी उघडला. व्हर्नला मदत मिळाली, गिलला नाही. तेव्हापासून गिल एक दिवसाआड गोळी घेत होता आणि डॉक्टरला मात्र रोज घेतो म्हणून सांगत होता.

“हे कायद्यात बसत नाही, लॉर्ना.”

“शेरीफला सांग मग. तुझाच पुतण्या आहे.”

मार्व्हानं बाटली हातात घेतली. “आणि व्हर्नची उरलेली मदत? ती गिलच्या नावावर नाही करता येणार?”

“विचारलं मी. पेशंटबरोबर मदतही संपते, म्हणाली संस्थेतली बाई. फार गोड बोलत होती.”

मार्व्हाचे डोळे भरून आले. “तुझ्यावर आभाळ कोसळलंय आणि तू आमचा विचार करतेस. इतकं कोण कुणासाठी करतं गं?”

“असं नको म्हणूस,” लॉर्ना म्हणाली. तेरा दिवस ती ह्याच वाक्याला भीत होती. “जूनमध्ये निधी बंद होता होता दिसला असं मी तुला सांगितलं ना, ते खोटं होतं. नऊला उघडला तेव्हाच दिसला मला. मी आधी व्हर्नचा अर्ज भरला. घाईत विम्याचा नंबर दोनदा चुकला. वीस मिनिटं गेली. मग तुला फोन केला.”

गॅरेजमधलं यंत्र एकदा फुरफुरलं आणि बंद पडलं. गिलनं त्याला शिवी घातली.

मार्व्हानं भांडं उचलून नळाखाली धरलं. ते स्वच्छच होतं, तरी ती घासत राहिली. चिकटपट्टी सुटली आणि तिचं नाव बेसिनच्या जाळीवर जाऊन अडकलं. आता ही ‘चालती हो’ म्हणेल, असं लॉर्नाला वाटलं. म्हणाली असती तर जरा हलकं तरी वाटलं असतं.

“व्हर्नला ह्यातल्या किती घेता आल्या?” मार्व्हानं पाठमोरीच विचारलं.

“अकरा.”

मार्व्हानं नळ बंद केला. खांद्यावरच्या फडक्यानं भांडं पुसलं आणि कपाटात ठेवलं. बाटली टेबलावरच राहिली. लॉर्ना उठली, पंच्याची घडी केली, दारापर्यंत गेली.

“अजून बघतेस संगणकावर?” मागून मार्व्हाचा आवाज आला.

“रोज. नऊच्या आधीच बसते.”

“आता कशाला?”

“गिलच्या विम्याचा नंबर पाठ झालाय मला,” लॉर्ना म्हणाली. “आणि त्याच्या आधी भरायला आता माझ्याकडे कुणी नाही.”