हॉलमधला तंबू

कुलपात किल्ली फिरली तशी साबिया पटकन तंबूत शिरली. परवीनने आतून झिप ओढली.

"आडवी हो," ती कुजबुजली. "हलू नको."

साबिया अम्मीच्या मांडीला डोकं लावून पडली. बाहेर चपला निघाल्या, नळ वाहिला. मग अब्बांचा खोकला.

तंबू तिच्या भावाचा, दानिशचा. चाकणच्या कंपनीतल्या दोस्तांबरोबर पवनेच्या काठी एकदाच नेलेला, मग दोन वर्षं माळ्यावर पडलेला. त्याच्या प्रत्येक भिंतीच्या मधोमध एक गाठ होती. ती बाहेर ओढली की दांड्या ताणायच्या, खट् आवाज व्हायचा आणि भिंत छाती फुगवून उभी राहायची. खुंट्या ठोकायला नकोत, म्हणून फरशीवरही चालायचा.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत परवीनला इतिकाफला बसायचं होतं. ईदचा चाँद दिसेपर्यंत एकाच जागी, इबादतीत. पिंपरीच्या त्या दोन खोल्यांत रिकामा कोपरा कुठला? दानिशने मिनिटभरात हॉलमध्ये कोपरा उभा केला.

एरवी मायलेकी बाजारात भेटायच्या, भाजी निवडता निवडता. आता अम्मीला बाहेर पडता येईना, म्हणून साबिया आकुर्डीहून बसने आली. दोन वर्षांपूर्वी अब्बांनी दुसऱ्या घरी दिलेला शब्द मोडून तिने नदीमशी निकाह केला होता. "या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही," तिचा बाप हनीफ म्हणाला होता, आणि हनीफ बोललेलं मागे घेत नसे. ती आली त्या पहिल्याच दिवशी तो गॅरेज लवकर बंद करून आला आणि ती घाबरून तंबूत लपली.

तेव्हा दोन वर्षांनी तिने अब्बांचा आवाज ऐकला. पातळ कापडाच्या पलीकडून, हाताच्या अंतरावरून. त्यानंतर ती रोजच यायची आणि मुद्दाम थांबायची. अब्बा रोजा सोडायला मशिदीत गेले, की दानिश तिला हळूच जिन्यापर्यंत सोडायचा.

पश्चिमेच्या खिडकीतून ऊन यायचं आणि तंबू आतून केशरी व्हायचा. तंबूच्या अलीकडे, खिडकीकडे तोंड करून हनीफ फरशीवर बसायचा, फळं चिरायला.

"परवीन, ऐकतेस ना?"

"हं."

"आकुर्डीला एक गाडी बघायला गेलो होतो. तुझ्या लेकीच्या बिल्डिंगखालून. मुद्दाम नाही हां, रस्ताच तो."

"वर बघितलं?"

"मी कशाला बघू?" सुरी थांबली. "हिरवी ओढणी वाळत होती. एवढंच दिसलं."

साबियाने तीच ओढणी तोंडात धरली.

"तुझ्या लेकीला शिरखुर्मा जमतो का गं?"

"जाऊन खा की."

"मी नाही जाणार." सुरी पुन्हा चालू लागली. "फार गोड करते का?"

"तिलाच विचारा."

"ग्रीसचे हात घेऊन आलो तरी मांडीवर चढायची. तू ओरडायचीस, फ्रॉक खराब होतो म्हणून. मी म्हणायचो, होऊ दे. आता हात धुऊन येतो तर मांडी रिकामी."

साबियाला वाटलं, बोट पुढे करावं आणि त्या आवाजाला कापडातून शिवावं. अम्मीने तिचं बोट मुठीत घट्ट धरून ठेवलं.

आज एकोणतिसावा रोजा होता. अजानची वेळ झाली तरी हनीफ उठला नाही.

"अब्बा, मशिदीत जायचं ना?" दानिशने दार उघडून धरलं.

"गुडघा धरलाय. आज घरीच."

झिपमधून खजूर आणि ताट आत आलं. रोजा सुटला. हनीफने हॉलमध्येच नमाज पढली. तंबूत अंधार झाला. साबियाने पाय पोटाशी ओढून घेतले, कापडाला लागू नयेत म्हणून.

तेवढ्यात बाहेर फटाके वाजले आणि शेजारच्या कुसुमताई दारातूनच ओरडल्या, "हनीफभाई, दिसला की तुमचा चाँद! भाभींना काढा आता बाहेर. किती दिवस कोंडून ठेवताय माझ्या मैत्रिणीला? मला तिच्याशी भांडायचंय."

"सकाळी भांडा, ताई. शिरखुर्मा पिऊन भांडा."

कुसुमताई हसत गेल्या. दार लागलं.

"अब्बा, तुम्ही गच्चीवर जाऊन चाँद बघून या," दानिश घाईने म्हणाला. "तोवर मी तंबू काढतो."

"तू जा वर."

"तुम्हाला नाही जमायचा तो. दांड्या लागतील."

"गाड्यांची इंजिनं खोलतो मी. मला तंबू शिकवतोस?"

हनीफचा हात भिंतीच्या गाठीवर आला. आत एक दाब, की सगळं कापड दोघींच्या अंगावर कोसळणार. साबिया अम्मीच्या पाठीमागे सरकली आणि तिने डोळे गच्च मिटले, लहानपणी मिटायची तसे. आता आवाज चढेल. आता दार उघडेल. मग ही कापडाची भिंतही नाही, हा आवाजही नाही.

हात गाठीवरून निघाला. झिप बाहेरून सरकू लागली, सावकाश, दात दात मोजत. दिव्याचा उजेड आत आला. आधी टोपी, मग पांढरी झालेली दाढी. मग दोन्ही गुडघे टेकत अख्खा हनीफ रांगत आत शिरला आणि त्याने मागे झिप लावून घेतली.

"सरक जरा, साबिया," तो म्हणाला. "इतके दिवस फरशीवर बसून पाठ गेली माझी."