पुसलेले अहवाल

तपासनीस फाटकाशी पोचले होते. लुसाकातल्या त्या पाणी-प्रयोगशाळेचे संचालक सिमुकोंडे, संगणक सांभाळणाऱ्या मुटिंटाच्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होते.

"अगं, चुलीवर मक्याची नशिमा ढवळत बसल्यासारखी काय करतेस? पूस ते कॉलऱ्याचे अहवाल!"

मुटिंटाने संगणकावर फायली पुसणारी स्क्रिप्ट चालवली. यादी रिकामी झाली.

"गेले सगळे?"

"यादीत एकही नाही, साहेब."

साहेबांनी सुस्कारा सोडला. मुटिंटाने मात्र त्यांना त्यांच्याच जुन्या हुकमाची आठवण करून दिली नाही. गेल्या वर्षी साहेबांच्याच हातून चुकून फायली उडाल्या, तेव्हा त्यांनीच तिला झापून स्क्रिप्ट बदलायला लावली होती: कुणी काहीही पुसलं, तरी ते महिनाभर वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवायचं.

दार वाजलं.

"तुम्ही बसा साहेब," मुटिंटा उठली, "त्यांना काय हवं ते मी दाखवते."