एकविसावी मोळी

नातीच्या संगणकावरच्या खेळातल्या गावात वीस माणसांची वीस घरं होती. हिवाळाभर रोज प्रत्येक घरी लाकडांची एक मोळी पोचवायची आणि एकही माणूस न गमावता वसंत गाठायचा, असा तिचा हट्ट होता.

“आजोबा, मी वीस मोळ्या वाटते, पण कोठारातून एकवीस जातात.”

आजोबा निवृत्त शिक्षक. “मोजताना चुकलीस का?”

“तीनदा मोजलं! तुम्हीच शिकवलंय ना?”

आजोबांची कॉलर ताठ झाली. त्यांनी चष्मा पुसून स्वतः पाहिलं. वीस मोळ्या वीस दारांशी गेल्या. मग आणखी एक आपोआप उचलली गेली आणि पडद्याच्या खालच्या कडेशी येऊन नाहीशी झाली. मागे बर्फात चिमुकल्या पावलांची रांग उरली.

आता हिवाळ्याचा शेवटचा दिवस राहिला होता आणि मोळ्या उरल्या होत्या वीसच.

“कोठाराला कुलूप लाव,” आजोबा म्हणाले.

“काहीतरीच काय, आजोबा! चोर नाहीये तो. त्याला थंडी वाजतेय.”

तिने गावातल्या सुताराला शेजारच्या पाववाल्याकडे मुक्कामाला धाडलं. दोघांना एक मोळी पुरली. वाचलेली मोळी तिने पडद्याच्या कडेशी, बर्फावर ठेवली.

मोळी नाहीशी झाली. वसंत आला. वीसही जण सुखरूप होते.

आजोबांचा ऊर भरून आला. “शाबास, पोरी! हे तर मीही शिकवलं नव्हतं.”

तेवढ्यात टेबलावरच्या त्यांच्या हातात एक इवलासा, गारठलेला हात आला. नातीचे दोन्ही हात खेळातच गुंतले होते.

तो हात हळूहळू उबदार होत होता.