टीव्हीतली मेंढी

खोटं वाटलं तर सोनपेठला येऊन आमचं अंगण बघा.

आदल्या दिवशी हरवलेली आमची मेंढी भरदुपारी टीव्हीवर दिसली. नात दीपिका सिनेमा बघत होती. त्यातली पोरं जादूच्या दारातून दुसऱ्या दुनियेत गेली, तर तिथल्या कुरणात हीच मेंढी चरत होती. कानाला आमचीच खुणेची खाच.

माझी बायको म्हाळसाबाई पेटली. “चोरांनो, इथं कोकरू उपाशी मरायलंय, अन् तुमी तिला घेऊन पिक्चर काढायलाव?”

“आज्जे, पिक्चर लय जुना हाय,” दीपिका म्हणाली.

अंगणात कोकरू ओरडलं. पडद्यावरच्या मेंढीनं वळून ओ दिली.

“कोकरूच आणून दाखवते तिला,” म्हणत म्हाळसाबाई तरातरा बाहेर गेली.

मग कोकराचं ओरडणं टीव्हीतून यायला लागलं. पाठोपाठ म्हाळसाबाईच्या शिव्या.

अंगणात कुणीच नव्हतं.

दीपिकानं टीव्ही बंद केला. शिव्या चालूच राहिल्या.