नवरदेव ट्रकखाली

"खाली उतरू नोको!" शकुनमावशी ओरडल्या. केवळरामचा एक पाय ट्रकच्या फाळक्यावरून बाहेर आला होता. तो त्याने निमूट आत घेतला.

अड्याळ सोडून वरातीचा ट्रक आसगावच्या रस्त्याला लागला होता. खड्ड्यात मागचं उजवं चाक आदळलं, काडकन आवाज झाला आणि गाडी उजवीकडे बसली. वऱ्हाडी एकमेकांच्या अंगावर गेले. केवळरामने वरूनच ओळखलं, मागच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, मेन पाटा तुटला. त्याखालचाही तडकला असणार. ओळखणारच तो. नाकाडोंगरीला मँगनीज वाहणाऱ्या सगळ्या ट्रकांच्या कमानी त्याच्याच हातून गेल्या होत्या.

पण आज तो नवरदेव होता. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, हातात लिंबू खोचलेली कट्यार. हळदीच्या अंगाने कट्यारीशिवाय दुसऱ्या लोखंडाला शिवायचं नाही, असा शकुनमावशींचा कायदा होता. तो त्याआधी कोणी ऐकला नव्हता. खरं कारण वेगळंच होतं आणि ते त्यांनी त्याच्या कानात सांगितलं.

"तू सायेब हायेस, ध्यानात ठेव."

सोयरीक जमवताना मावशींनीच सांगून टाकलं होतं की मुलगा तुमसरला कचेरीत साहेब आहे. मुलीचे वडील मधुकरराव म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. सारी नोकरी जबलपूरकडे करून ते गावी परतलेले. असा माणूस मिस्तऱ्याला मुलगी देईल का? केवळरामला हे खोटं मुळीच आवडलं नव्हतं. पण पाहण्याच्या दिवशी त्याची खुर्ची डुगडुगत होती. त्याने सवयीने वाकून पायाखाली कागदाची घडी सारली. ते पाहून नवरी सत्यवती पदराआड इतकी हसली, की त्यानंतर खरं बोलायची त्याची हिंमतच झाली नाही. ती मुलगी त्याला हवी होती, बस्स.

मुहूर्त गोरजाचा होता आणि ऊन उतरायला लागलं होतं.

ड्रायव्हर ईश्वरजवळ जादा पाटे होते, पाने होते, जॅकही होता. अक्कल तेवढी केवळरामजवळ होती आणि ती वर अडकली होती.

"आंधी चेसिसखाली लाकडं लाव! मंग यू-बोल्ट सोड!" नवरदेव वरून ओरडत होता. "अरे तो नाही! तिकडचा! काहून ठोकून राहिला तू त्याले?"

ईश्वर ठोकत होता आणि त्याच्या प्रत्येक घावाला ताशेवाला साथ देत होता. दोनदा ओरडूनही तो थांबला नाही. आगाऊ सुपारी घेतली होती, वाजवणं भाग होतं. तासाभरात कमान खाली आली आणि तुटके पाटे निघाले. नवे पाटे एकावर एक रचले, तर मधली भोकं काही जुळेनात. ईश्वरने त्यात एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं.

केवळरामने मुंडावळ्या मागे सारल्या आणि उडी मारली.

"अरे देवा! लोखंड!" मावशी किंचाळल्या.

"कट्यार हायेच ना हातात," केवळराम म्हणाला. त्याने लिंबू काढून ईश्वरच्या हातावर ठेवलं, कट्यारीचं टोक भोकांत घातलं आणि एका झटक्यात सगळे पाटे जुळवले. सेंटर बोल्ट लावून तो कमानीसकट ट्रकखाली गेला. पिवळे पाय तेवढे बाहेर राहिले.

तेवढ्यात आसगावच्या बाजूने फटफटी आली. उशीर का झाला ते पाहायला स्वतः मधुकररावच आले होते. काळा कोट, काळी टोपी, करारी मिशा. ताशा पहिल्यांदाच थांबला.

"जावईबापू कुठं हायेत?"

"पूजेले बसले," शकुनमावशी म्हणाल्या.

"ईश्वर, हातोडा दे बे!" पूजेतून आवाज आला.

मधुकररावांनी पिवळ्या पायांकडे पाहिलं. मग वाकून ट्रकखाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मावशींनी पदर तोंडाशी नेला. मधुकरराव सरळ झाले, त्यांनी सगळ्या वऱ्हाडाला दूरच्या मोहाच्या सावलीत जाऊन बसायला सांगितलं. आवाज असा, की मावशीही गेल्या आणि ताशेवालाही गेला. मग त्यांनी कोट काढला, त्याची नीट घडी करून फटफटीवर ठेवली आणि ते पाठीवर सरकत ट्रकखाली गेले.

संपलं लग्न, केवळरामच्या मनात आलं. आता सत्यवतीला हे काय सांगतील?

"मामाजी, चूक झाली. मी सायेब नाही. पण पोरीले सुखात ठेवीन."

मधुकररावांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते कमानीकडे पाहत होते.

"सेंटर बोल्टचं डोस्कं खाचेत बसलं नाही," ते हळूच म्हणाले. "असंच आवळसान तं गाडी खेकड्यावानी तिरपी चालन. ढिलं करा."

केवळरामने बोट घालून पाहिलं. खरंच बसलं नव्हतं. त्याने मान वळवून सासऱ्याकडे पाहिलं.

"मामाजी, तुम्ही तं पोस्टमास्तर ना?"

"हाव तं. तुम्ही जसे कचेरीत सायेब, तसाच मी पोस्टमास्तर. आना तो पाना इकडं."